धाप लागते म्हणाली, की तिथेच थांब

प्रिय बेटा,

नागपूरच्या मेडिकल कॉलेजला स्त्रीरोग विभागात जागा मिळाल्याचं कळलं, फार आनंद झाला. तिथे गडचिरोली, गोंदिया, बालाघाटपासून बायका येतील. त्यातली हार्टची पेशंट वेळेत ओळखायला शीक, बाकीचं हळूहळू येईल.

पोट वाढलं की थोडी धाप बहुतेकींना लागते, त्यामुळेच खरी धाप नजरेतून सुटते. "मॅडम, रात्री आडवंच होता येत नाही, बसून राहावं लागते," असं कोणी म्हणाली, की तिथेच थांब. नाडी पूर्ण मिनिटभर मोज. डाव्या कुशीवर वळवून स्टेथोस्कोप लाव. शंका आली तर त्याच दिवशी इको, म्हणजे तिच्या हृदयाची सोनोग्राफी, करून घे, बाळाला त्याचा काही धोका नाही.

आपल्याकडे अशा वेळी बरेचदा संधिवाताच्या तापाने आकसलेली हृदयाची मायट्रल झडप निघते. लहानपणचा तो ताप तिला आठवतही नसतो. गरोदरपणात रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं. अरुंद झडपेतून ते पुढे जायला वेळ हवा, पण ठोके वाढले की नेमका तोच वेळ कमी पडतो आणि रक्त फुप्फुसांत तुंबतं. म्हणून आधी नाडी आवर. औषधांनी भागलं नाही, तर गरोदरपणातही फुग्याने झडप रुंद करता येते. आणखी एक जप. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, रक्तक्षय तर घरोघरी. हिमोग्लोबिन कमी म्हणून अशा बाईला घाईने रक्त चढवलंस, तर तेच तिच्या जिवावर येईल.

नातेवाईक सिझेरियनचा आग्रह धरतील. वेदना कमी ठेवल्या तर बहुतेकींना नॉर्मल बाळंतपणच सोसतं.

मला खरी भीती वाटते ती बाळ झाल्यानंतरची. बाहेर पेढे वाटले जात असतात आणि आत गर्भाशय आकसून तिथलं रक्त एकदम हृदयाकडे परतत असतं. गर्भाशय आकसवणारं मेथर्जिन देऊ नकोस. सलाइन मोजून दे. निदान 24 तास तिला नजरेआड करू नकोस. आधी धडधाकट असलेल्या बाईचंही हृदय शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतर 5 महिन्यांपर्यंत दुबळं पडू शकतं, तेव्हा बाळंतिणीची धाप थकवा समजून तिला घरी पाठवू नकोस.

अशा आयांची बाळं बरेचदा कमी दिवसांची, कमी वजनाची होतात, त्यामुळे बालरोगवाल्यांना आधीच कळव. आईला हृदयाचा जन्मजात दोष असेल, तर 18 ते 22 आठवड्यांत बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करून घे.

कृत्रिम झडप असलेली मुलगी बाळाच्या काळजीपोटी रक्त पातळ ठेवणारी गोळी परस्पर सोडू शकते. मग झडपेत गुठळी होते. पाळी चुकताच आपल्याकडे यायचं, हे तिला लग्नाआधीच कोणीतरी सांगायला हवं. ते तू सांग.

सुट्टी देताना, संधिवाताचा ताप पुन्हा येऊ नये म्हणून द्यायच्या पेनिसिलिनच्या पुढच्या इंजेक्शनची तारीख कार्डावर ठळक लिही. गर्भनिरोधनासाठी तांबी की दुसरं काही, ते ठरवूनच पाठव. आणि पुन्हा दिवस गेले तर जोखीम किती, हे तिला एकटीला सांगू नकोस, नवऱ्याला आणि सासूलाही समोर बसवून सांग.

सप्रेम आशीर्वाद.