समक्रमण, समकालन की लय जुळणं?

तुमचा प्रश्न असा: ‘कंट्रोलिंग सिंक्रोनायझेशन इन कॉम्प्लेक्स नेटवर्क्स’ या विषयावरच्या मराठी लेखाला ‘संमिश्र जाळ्यांतील समक्रमणाचे नियंत्रण’ हे शीर्षक चालेल का? चार शब्दांपैकी ‘जाळे’ तेवढा बिनतक्रार आहे.

‘संमिश्र’ लगेच काढा. तो गणितात संमिश्र संख्यांनी (‘कॉम्प्लेक्स नंबर्स’) अडवून ठेवलाय, आणि एरवी त्यातून भेसळीचा वास येतो. ‘जटिल’ किंवा सरळ ‘गुंतागुंतीचं’ म्हणा.

आता ‘समक्रमण’. पहिली अडचण अगदी क्षुल्लक, पण जीवघेणी: ‘म’चा अनुस्वार झाला की उरतं ‘संक्रमण’. जाळ्यांच्या अभ्यासात रोग माणसामाणसांतून कसा पसरतो हाही मोठा विषय आहे, म्हणजे ‘जाळ्यांतील संक्रमण’ हे चूक न वाटता वेगळाच लेख वाटेल. दुसरी अडचण अर्थाची. क्रम म्हणजे एकामागून एक. इथे मुद्दा क्रमाचा नाहीच, जाळ्यात एकमेकांना जोडलेल्या घटकांची लय जुळण्याचा आहे.

‘समकालन’ निदान ग्रीक मुळाला धरून आहे: ‘सिन्’ म्हणजे सोबत, ‘क्रोनोस’ म्हणजे काळ. पण ‘समकालीन’ शेजारीच उभा असल्याने वाचकाला दोन लेखक एकाच शतकातले असल्यासारखं वाटतं. शिवाय ‘एकाच वेळी’ हा अर्थ या घटनेला पुरत नाही. ती जिथे पहिल्यांदा नीट नोंदली गेली तिथेच हे दिसतं. 1665 साली डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हॉयगेन्स आजारी पडून अंथरुणावर होता. एकाच आधाराला टांगलेली दोन लंबकाची घड्याळं त्याच्या नजरेसमोर होती. दोन्ही लंबक काटेकोर एका लयीत हलत होते, पण उलट दिशांना: एक डावीकडे गेला की दुसरा उजवीकडे. त्याने मुद्दाम त्यांची लय बिघडवून पाहिली, तर अर्ध्या तासात ती पुन्हा जुळली. घड्याळं लांब केली की जुळणं संपलं. आधाराच्या नजरेला न दिसणाऱ्या हालचालीतून ती एकमेकांना ढकलत होती. यात ‘एकाच वेळी एकाच जागी’ काही नाही, तरी हे सिंक्रोनायझेशनच.

आपल्याकडे याला तयार शब्द आहेत, फक्त ते परिभाषेच्या कोशात नसून संगीतात आहेत. दोघांची लय एक असणं ही एक गोष्ट, आणि दोघांनी समेवर एकत्र येणं ही दुसरी. हॉयगेन्सच्या लंबकांची लय जुळली होती, सम नाही. इंग्रजीत हा फरक दाखवायला विशेषणं जोडावी लागतात. मराठी माणूस ‘लय’ आणि ‘सम’ हे दोन शब्द ऐकताच समजतो. म्हणून माझं मत: क्रियापद ‘लय जुळणं’, आणि नाम हवंच असेल तर ‘लयमेळ’. (‘लय मेळ’ असं तोडून छापलं तर गावाकडचा वाचक ‘फार मेळ’ असं वाचेल, आणि तेही फारसं चुकणार नाही.) ‘एकतालता’ मात्र नको, एकताल हा बारा मात्रांचा ताल आहे.

‘ताळमेळ’ही सुचेल. तो चांगला शब्द आहे, पण हिशेबाच्या वहीतला: जमाखर्चाचा ताळमेळ. फोन आणि संगणकावरच्या फायली ‘सिंक’ करतात तिथे तो फिट बसतो, कारण तिथे दोन प्रती सारख्या आहेत ना एवढंच तपासायचं असतं. लंबक, चेतापेशी, जनित्रं यांना ताळा नसतो, लय असते.

राहिला ‘नियंत्रण’. रोगनियंत्रण, गर्दीनियंत्रण, प्रदूषणनियंत्रण: मराठीत हा शब्द बहुतेक वेळा आवर घालण्याचा आहे. तुमचं शीर्षक वाचून वाटेल, समक्रमण ही काहीतरी बला आहे. विषयात तर दोन्ही बाजू आहेत. वीजजाळ्यातल्या सगळ्या जनित्रांनी एकाच वारंवारतेवर, 50 किंवा 60 हर्ट्झवर, फिरत राहायला हवं. तिथे लय टिकवायची. पार्किन्सनच्या आजारात मेंदूच्या काही भागांत चेतापेशी गरजेपेक्षा जास्त एकलयीत धडधडतात. तिथे रोवलेल्या तारेतून सेकंदाला साधारण 130 विद्युत स्पंद देऊन ती लय मोडायची.

जुळणं आपोआप होतं का? जपानी भौतिकशास्त्रज्ञ योशिकी कुरामोतो यांनी 1975 मध्ये मांडलेल्या गणितात एक उंबरठा आहे. परस्परांची ओढ त्याहून कमी असेल तर प्रत्येक घटक आपापल्या चालीने. उंबरठा ओलांडला की मधल्या चालीचे घटक आधी एकत्र येतात, टोकाचे बेताल भटकत राहतात. आणि हजारो घटकांच्या जाळ्यात प्रत्येकाला हाताळावं लागत नाही. मोजक्या नोडना, म्हणजे जाळ्यातल्या काही घटकांना, बाहेरून ठेका द्यायचा, बाकीचे जोडण्यांमधून ओढले जातात. या पद्धतीला इंग्रजीत ‘पिनिंग’ म्हणतात. ‘टाचणं’ हा शब्दशः अर्थ मला पटत नाही, कारण काहीच एका जागी खिळत नाही. ‘ठेका देणं’ जास्त खरं आहे. ठेका घेणाऱ्या त्या नोडना ‘ठेकेदार’ म्हणण्याचा मोह होतो, तो आवरा.

तर शीर्षक: ‘गुंतागुंतीच्या जाळ्यांत लय जुळवणं आणि मोडणं’. प्रबंधासाठी परिभाषाच हवी असेल तर ‘समकालन’ घ्या आणि पहिल्याच परिच्छेदात ‘म्हणजे लय जुळणं’ असं लिहून टाका. ‘समक्रमण’वरच अडून बसलात तर मुद्रितशोधकाला आधी कल्पना द्या.