छोटी, शांत गोबी घेताय? आधी टँकमध्ये मोकळी जागा कुठे आहे ते बघा

शंभर लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक, क्लाउनफिशची जोडी, एक रॉयल ग्रामा मासा, एक क्लीनर श्रिम्प (कोळंबी), थोडे सॉफ्ट कोरल. आणि आता कोणाच्या वाटेला न जाणारी एखादी गोबी, म्हणजे तळाशी किंवा खडकावर बसणारा छोटा मासा, हवी, असा तुमचा प्रश्न. यलो वॉचमन, मँडरिन आणि डायमंड ही तीन नावं तुम्ही काढली आहेत. त्यातली दोन आत्ताच खोडा.

मँडरिनला दुकानात गोबी म्हणतात, पण ती ड्रॅगोनेट, वेगळ्याच कुळातली. दिवसभर खडकावरचे कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपत फिरते. शंभर लिटरमधले कोपेपॉड तिला फार दिवस पुरत नाहीत, मग उपासमार. डायमंड ही खरी गोबी आणि स्वभावाने गरीब, पण ती वाळू तोंडात भरून कल्ल्यांतून चाळते आणि त्यातले बारीक जीव खाते. वीतभर वाढते. तुमच्या टँकची वाळू ती अशी स्वच्छ करेल की तुम्ही खूश व्हाल, आणि त्याच वेळी तिचं पोट खपाटीला जात असेल. शिवाय ती वाळू कोरलवर सांडते ते वेगळंच.

आता मुद्द्याचं. क्लाउनफिश किंवा ग्रामा पाण्यात तरंगत असतात, गोबी बसते. तिचे पोटाखालचे दोन पर बहुतेक जातींत जुळून वाटीसारखे झालेले असतात, त्यांनी ती खडकाला किंवा काचेला टेकून राहते. त्यामुळे तिची भांडणं होतात ती बैठकीवरून. टँक किती लिटरचा यापेक्षा कोणती बैठक रिकामी आहे हे बघायचं. तुमच्याकडे वरचं पाणी क्लाउनफिशचं आणि कपारी ग्रामाच्या. ग्रामा आपल्या कपारीशी आलेल्याला जबडा वासून दाखवते, नव्या माशाला एवढ्यानेही धडकी भरते. म्हणजे मोकळे राहिले दोन भाग: वाळू आणि खडकाचा उघडा दर्शनी भाग.

वाळू किमान पाच सेंटीमीटर असेल आणि तिच्यात कोरलचे जाडसर तुकडे मिसळलेले असतील, तर यलो वॉचमनच घ्या आणि सोबत पिस्टल श्रिम्प. बीळ खणायचं काम कोळंबीचं, राखण गोबीची. कोळंबीची नजर अगदीच अधू. ती बुलडोझरसारखी वाळू ढकलत बाहेर येते तेव्हा तिची एक मिशी सतत गोबीच्या शेपटीवर टेकलेली असते. गोबीने शेपूट थरथरवली की कोळंबी बिळात गडप, आणि फारच भीती असेल तर मागोमाग गोबीही. माझ्या टँकसमोर पाहुणे बसतात ते हे बघायला, क्लाउनफिशकडे कोणी ढुंकून पाहत नाही. एकच खबरदारी: खडक वाळूवर नव्हे, थेट तळाच्या काचेवर टेकलेले हवेत. कोळंबी खालून पोखरते आणि अख्खा डोलारा खाली येतो.

वाळूचा पातळ थर असेल तर मात्र निऑन गोबी. खरं सांगायचं तर पहिल्यांदा गोबी ठेवणाऱ्याला मी हीच सुचवतो. जेमतेम पाच सेंटीमीटर, काळ्या अंगावर विजेसारखी निळी रेघ. समुद्रात ती इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाते, म्हणून मोठे मासेही तिला सहसा सांभाळून घेतात. टँकमध्ये जन्मलेली मिळते, ती पहिल्या दिवसापासून खायला येते. आयुष्य मात्र कमी, वर्ष-दोन वर्षं. हे आधीच सांगतो, नाहीतर माझं काय चुकलं म्हणून वाईट वाटून घ्याल. (एव्हियोटा सिगिलाटा नावाच्या चिमुकल्या गोबीचं आयुष्य तर जास्तीत जास्त 59 दिवसांचं असतं, त्यापुढे हे पुष्कळच.) एक ठेवा, किंवा जमलेली जोडी. कुठल्याही दोन उचलून आणल्या तर एक दुसरीला जगू देत नाही.

यलो क्लाउन गोबीही तुम्हाला चालेल. तिच्या अंगावरचा चिकट द्रव कडू आणि विषारी असल्याने तिला फारसं कोणी तोंड लावत नाही. पण पुढेमागे अ‍ॅक्रोपोरा (फांद्यांचं कडक कोरल) ठेवायचा विचार असेल तर नको. अंडी घालायला ती फांदीवरचं मांस कुरतडून जागा करते. खायलाही संथ, क्लाउनफिश सगळं उडवतात. पिपेटने तिच्यासमोर मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव, माशांचं खाणं) सोडावे लागतील.

एका नावापासून मात्र चार हात लांब राहा: कॅटालिना गोबी. लालभडक अंग, निळे पट्टे, बघताक्षणी मोह पडतो. मीही पडलो. दुकानात ती उष्ण पाण्यातल्या माशांच्या शेजारीच होती आणि मी काही विचारलंही नाही. ती कॅलिफोर्नियाच्या थंड पाण्यातली आहे. माझ्या 26 अंशांच्या टँकमध्ये दोन महिने धापा टाकत जगली.

घेताना दुकानदाराला तुमच्या देखत खायला घालायला सांगा. खात नसेल तर तो आठ दिवसांनी या म्हणाला तरी हरकत नाही, आठ दिवसांनी जा. पोट आत गेलेली, कडेला पडून जोरजोरात श्वास घेणारी नको.

झाकण आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. गोबी उडी मारतात, विशेषतः पहिल्या काही रात्री. माझी एक वॉचमन हीटरची वायर जाते तेवढ्या फटीतून गेली. सकाळी स्टँडच्या मागे वाळलेली सापडली. बारीक जाळी लावा आणि वायरींच्या कडेच्या फटी स्पंजने बुजवा. पंपाच्या तोंडावरही स्पंज हवा, निऑनएवढा मासा सहज ओढला जातो.

सोडायच्या आधी एक-दोन खडक हलवून ठेवा, म्हणजे ग्रामाला स्वतःचीच हद्द नव्याने आखावी लागते. मग दिवे बंद करून सोडा. वॉचमन असेल तर आठवडाभर दिसणारही नाही. त्या काळात तिला शोधायला खडक उचकटू नका, संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी थोडं खाणं सोडत राहा.

वाळू किती खोल आहे ते मोजून लिहा, मग दोघींपैकी कोणती ते नक्की सांगतो.