टेस्टरची ‘पोच’

प्रश्न हिंजवडीहून आलाय. वायफाय मॉड्यूल तपासणाऱ्या तंत्रज्ञांसाठी मराठीत सूचना लिहायच्यात आणि टेस्टरच्या (म्हणजे तपासणी यंत्राच्या) सेटिंगमधल्या ‘अ‍ॅक्नॉलेजमेंट’पाशी गाडं अडलंय. ‘स्वीकृती’, ‘अभिस्वीकृती’ की ‘पोचपावती’?

माझं मत: नुसतं ‘पोच’. ‘स्वीकृती’त मान्य केल्याचा वास येतो. ‘अभिस्वीकृती’ सरकारी कागदात खपते, पण पत्रकारांची ‘अधिस्वीकृती’ तिच्या इतकी जवळ आहे की घाईत एकीच्या जागी दुसरी पडणारच. महापालिकेत अर्ज दिला की आवकचा कारकून आपल्या प्रतीवर शिक्का मारून देतो, ती पोच. तेवढ्यावरून अर्ज मंजूर झाला असं कोणी धरत नाही, निदान पुण्यात तरी नाही.

वायफायमधला ‘अ‍ॅक’ही (अ‍ॅक्नॉलेजमेंटचं लघुरूप) एवढंच सांगतो. आपल्या नावाची फ्रेम (माहितीचं एक पुडकं) आली आणि तिचा चेकसम (माहिती वाटेत बिघडली नाही ना, हे पडताळणारा आकडा) जुळला की उपकरण पोच धाडतं, २.४ गिगाहर्ट्झवर मध्ये जेमतेम १० मायक्रोसेकंदांचं अंतर. आतला मजकूर बघायला सवड कुठे? जुन्या पत्रव्यवहारात ‘पत्र पावले, मजकूर कळला’ अशा धर्तीची सुरुवात असे. अ‍ॅकचा संबंध फक्त ‘पावले’शी.

खरी अडचण क्रियापदाची आहे. मॉड्यूलचा रिसीव्हर तपासताना फ्रेम्स टेस्टर पाठवतो, पोच मॉड्यूल देतं आणि टेस्टर ती मोजतो. १००० फ्रेम्स पाठवल्या, ९२०ची पोच आली, तर ८ टक्के वाया. ट्रान्समीटर तपासताना उलटं: पाठवणारं मॉड्यूल, पोच द्यायची की नाही हे टेस्टरच्या हाती. दिली नाही तर मॉड्यूल तीच फ्रेम पुन्हापुन्हा पाठवत राहतं. मोजायला फ्रेम्स भरपूर मिळतात, पण काही मॉड्यूल वेग उतरवतात, काही जोडणीच सोडून देतात. म्हणून ‘पोच बंद ठेवा’ असं मोघम लिहू नका. ‘टेस्टरने पोच देऊ नये’ असा कर्ता घालून लिहा.

‘ब्लॉक अ‍ॅक’ला ‘एकगठ्ठा पोच’ छान बसतं. अनेक फ्रेम्सची मिळून एकच. ब्रॉडकास्ट म्हणजे दवंडी, तिची पोच कोणी देत नाही, तेव्हा तिथे ‘पोच’चा रकाना रिकामाच ठेवा. ‘पोचपावती’ चूक नाही, पण दिवसभर तोंडात घोळवायला लांबलचक आहे.

एक पथ्य मात्र पाळा. रेंजसाठी ‘पोच’ वापरू नका, तिथे ‘पल्ला’ लिहा. नाहीतर ‘या मॉड्यूलची पोच कमी आहे’ म्हणजे सिग्नल लांब जात नाही की अ‍ॅक कमी येतायत, यावरून वाद होईल. आणि ‘याला पोच नाही’ हे वाक्य मॉड्यूलबद्दल असलं तरी शेजारी उभ्या असलेल्या तंत्रज्ञाकडे बघून म्हणू नका.