कसारा घाटात पिकअप न्यूट्रल करून उतरवली तर किती डिझेल वाचतं?

तुमची पिकअप नवी आहे, नाशिकहून वाशीला टोमॅटो नेता, आणि विचारताय की घाटात न्यूट्रल केली तर किती वाचेल आणि टायरमध्ये हवा किती ठेवावी.

काही वाचत नाही. आताच्या डिझेल गाड्या गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनाला डिझेल जाणंच थांबतं, उतार चाकं फिरवतो आणि चाकं इंजिन. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू राहायला डिझेल लागतंच. इंजिनच बंद केलंत तर दोन-चारदा पेडल दाबेपर्यंत ब्रेक हलका करणारा बूस्टर संपतो, पेडल दगडासारखं होतं, स्टिअरिंगही जड.

आमच्या शेठला हे कधी पटलं नाही. मी दहाचाकीवर होतो, कांदा न्यायचो. शेठ अ‍ॅव्हरेजवर बक्षीस द्यायचे आणि ते दरवेळी न्यूट्रलवाल्या ड्रायव्हरला मिळायचं. एकदा ते स्वतःच माझ्या केबिनमध्ये बसून आले. इगतपुरी सोडल्यावर उतार लागायच्या आधीच मी गाडी खालच्या गिअरमध्ये घेतली, एक्झॉस्ट ब्रेक लावला, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून गाडी आवरणारा ब्रेक. “अरे सोड की, सकाळी माल मार्केटला लागायचाय.” मी सोडली नाही. तेवढ्यात आमचीच दुसरी गाडी बाजूने सुसाट गेली.

कसाऱ्याला ती कडेला उभी दिसली. मागच्या चाकांतून धूर, ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास पार आमच्या केबिनपर्यंत. क्लीनर पाण्याचा कॅन घेऊन ब्रेकच्या ड्रमकडे निघाला होता, त्याला ओरडून थांबवलं. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की ड्रमला तडा जातो. तो आपोआपच गार होऊ द्यायचा. शेठनी सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि म्हणाले, “लायनर डुप्लिकेट असणार.”

लायनर कुठलेही घाला, भरलेली गाडी अख्खा घाटभर नुसत्या ब्रेकवर धरली तर ते तापणारच, आणि तापले की पकडत नाहीत. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड गाडीपायी कितीतरी गाड्यांचं नुकसान झालं. आधी सगळे ‘ब्रेक फेल’ म्हणत होते, मग तपासात न्यूट्रलचं निघालं.

तुम्ही ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा, आणि तो उतार लागायच्या आधीच टाका. वेग वाढला की ब्रेक नीट दाबून कमी करा आणि पाय काढा, पेडलवर ठेवून बसू नका. हां, परतताना गाडी रिकामी असेल आणि पाऊस असेल तर गिअर उतरवताना क्लच हळू सोडा, नाहीतर मागची चाकं घसरतात.

हवेचे आकडे ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर असतात. टायर थंड असताना भरा.

आणि पुढे ड्रायव्हर ठेवलात तर त्याला डिझेलवर बक्षीस लावू नका. द्यायचंच असेल तर लायनर किती टिकले ते बघून द्या.