सांबऱ्याहून पहिल्या पोस्टिंगला निघालेल्या पोरास

बाळ, बेळगावजवळच्या सांबऱ्याचं हवाई दलाचं ट्रेनिंग संपवून तू विमानांच्या लाइनवर, म्हणजे विमानं उभी करून तयार करतात तिथं, चाललास, फार बरं वाटलं. मी कॅनबेरा बॉम्बरवर राबलो. 1957 साली हवाई दलात आलेलं ते विमान 2007 ला निवृत्त झालं. काडतुसाचा बार उडवून इंजिन सुरू व्हायचं, काळा धूर नाकात बसायचा. आता यंत्रं बदलली, पण नवख्याच्या चुका त्याच आहेत.

- हत्यारं मोजून घे, मोजून परत ठेव. एकदा माझा एक पाना कमी भरला. विमान थांबवलं, रात्री टॉर्च घेऊन चौघं शोधत होतो. शेवटी बॉम्ब-बेच्या (विमानाच्या पोटातल्या बॉम्ब ठेवायच्या कप्प्याच्या) कडेला, तेलकट फडक्यात गुंडाळलेला सापडला. ते फडकं अजून डोळ्यांसमोर आहे. असं झालं तर लगेच सांग, लपवू नकोस.
- अंगठी, सुटी नाणी लाइनवर नकोत.
- स्वतः न पाहिलेल्या कामावर सही करू नकोस, सीनियर कितीही घाई करू दे.

इंजिनाचं खोलातलं आत्ताच पाठ करत बसू नकोस, ते कामानं हातात येतं. सुरुवातीला घर फार आठवेल. सुट्टीवरून परतताना बेळगावचा गोड कुंदा जरा जास्तच ने आणि बिलेटमध्ये, म्हणजे राहायच्या बराकीत, सगळ्यांना वाट. माझे जिवाभावाचे दोस्त असेच जमले.