आडत दुकानाच्या हिशेबासाठी कोणती फंक्शनल भाषा?

प्रश्न : मी लातूरला संगणकशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जावा आणि पायथन येतात. वडिलांचे मार्केट यार्डात आडत दुकान आहे. सोयाबीन-तुरीच्या हंगामातील रोजच्या आवकेचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम एखाद्या लहान, मुक्त-स्रोत फंक्शनल (फंक्शन एकमेकांना जोडून प्रोग्राम रचणाऱ्या) भाषेत लिहावा आणि त्या निमित्ताने ही पद्धत शिकावी, असा विचार आहे. एल्म, प्युअरस्क्रिप्ट, ग्लीम आणि रॉक यांपैकी कोणती निवडू? संगणक जुना आहे. वीज आणि इंटरनेट दोन्ही बेभरवशाचे आहेत.

उत्तर : तुम्ही ग्लीम निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘लहान भाषा’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो आणि त्यांची गल्लत झाली की निवड चुकते. व्याकरण लहान असणे हा शिकणाऱ्याच्या दृष्टीने मोठा गुण आहे. वापरणारे थोडे असणे ही मात्र जोखीम आहे, कारण अडलेल्या ठिकाणी विचारायला माणूस सापडत नाही आणि लागणारी लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेला कोड, तयार मिळत नाही. ग्लीमची १.० ही आवृत्ती मार्च २०२४ मध्ये आली, म्हणजे भाषा तरुण आहे; पण ती अर्लांग या जुन्या भाषेच्या यंत्रणेवर चालते, जी एरिक्सन कंपनीत १९८६ पासून घडत गेली आणि १९९८ मध्ये मुक्त-स्रोत झाली. अर्लांग आणि त्याच यंत्रणेवर चालणाऱ्या एलिक्सर या भाषेच्या लायब्ररी ग्लीममधून वापरता येतात, त्यामुळे ही जोखीम बरीच कमी होते.

खरा लाभ तुमच्या कामातच दिसेल. शेतकऱ्याचा माल आधी उतरतो, मग सौदा होतो, मग वजन होते आणि शेवटी हमाली-तोलाई वजा करून पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या रकमेचा हिशेब, होते. पायथनमध्ये हे सारे एकाच डिक्शनरीत ठेवले, तर सौदा होण्याआधीच्या मालालाही भावाचा रिकामा रकाना राहतो आणि एखाद्या गर्दीच्या दिवशी त्या रिकाम्या रकान्यावरच हिशेब केला जातो. ग्लीममध्ये चार अवस्थांचे चार प्रकार लिहिता येतात आणि भाव हा सौद्यानंतरच्या प्रकारांतच असतो, म्हणून भाव नसलेल्या मालाची पट्टी करणारा कोड कंपाइलच होत नाही, म्हणजे प्रोग्राम चालण्याआधीच चूक अडवली जाते. उद्या ‘भाव न पटल्याने माल परत नेला’ ही पाचवी अवस्था जोडली, तर जिथे जिथे चारच अवस्थांची नावे घेऊन निर्णय केला आहे, ती प्रत्येक जागा कंपाइलर दाखवून देतो. रक्कम पैशांत आणि वजन ग्रॅममध्ये, पूर्णांक म्हणूनच ठेवा.

हीच सोय एल्ममध्येही आहे, आणि इव्हान चॅप्लिकी यांच्या २०१२ च्या प्रबंधातून आलेल्या त्या भाषेइतके समजूतदार चूक-संदेश मी क्वचितच पाहिले आहेत. परंतु ती ब्राउझरमधील पडद्यासाठी आहे. फाइलमध्ये नोंद लिहायची म्हटले की जावास्क्रिप्टचा आधार घ्यावाच लागतो. शिवाय ०.१९.१ ही आवृत्ती ऑक्टोबर २०१९ मध्ये आल्यानंतर तिची वाढ फार मंदावली. प्युअरस्क्रिप्ट ही हास्केलच्या वळणाची, फार सामर्थ्यवान भाषा आहे. टाइप क्लासची (एकच क्रिया वेगवेगळ्या प्रकारांसाठी लिहिण्याच्या सोयीची) गोडी लागल्यावर तिच्याकडे जरूर वळा. रॉकचा कंपाइलर २०२५ मध्ये रस्ट या भाषेतून झिग या भाषेत नव्याने लिहायला घेतला गेला, त्यामुळे रोजच्या हिशेबासाठी तिच्यावर आज विसंबू नका.

कंपाइलर, बिल्ड, पॅकेज आणि फॉरमॅटर हे सारे ग्लीमच्या एकाच प्रोग्राममध्ये येते; सोबत अर्लांग तेवढे बसवावे लागते. लागणारी पॅकेजे एकदा उतरवून घेतली की इंटरनेटवाचून काम चालते. विजेबाबत मात्र सावध राहा. अर्लांग कोसळलेली प्रक्रिया पुन्हा उभी करते हे खरे, पण वीज गेल्यावर मेमरीतील नोंदी कोणतीही भाषा वाचवू शकत नाही. म्हणून प्रत्येक सौदा त्याच क्षणी डिस्कवर लिहिला गेला पाहिजे.

पहिले काही दिवस पडदा आणि छपाई यांकडे वळू नका. एका मालाचा उतरल्यापासून पट्टीपर्यंतचा प्रवास तेवढा लिहा आणि गेल्या हंगामाच्या वहीतील दहा पट्ट्या त्यातून काढून वडिलांच्या आकड्यांशी पैशापर्यंत ताडून पाहा.