‘असमान स्वर’ म्हणावं का?

जर्मनीत राहणाऱ्या एका वाचक बाईंनी विचारलंय: त्यांच्या शहरातल्या सिम्फनी ऑर्केस्ट्राने रामो या अठराव्या शतकातल्या फ्रेंच रचनाकाराच्या ऑपेरांतली नृत्यं वाजवली. त्यावर त्या तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या अंकासाठी लेख लिहीत आहेत. कार्यक्रमपत्रिकेत ‘नोत इनेगाल’ असा फ्रेंच शब्द होता, त्याचं त्यांनी ‘असमान स्वर’ असं भाषांतर केलं. मसुदा वाचून यजमान म्हणाले, “म्हणजे बेसूर वाजवतात का?” तर ‘असमान स्वर’ चालेल का, नाहीतर दुसरा कुठला शब्द घ्यावा, असा त्यांचा प्रश्न आहे. शिवाय ‘ऑर्केस्ट्रा’ लिहावं की ‘वाद्यवृंद’, हाही.

यजमानांचं चुकलेलं नाही. मराठी कानाला ‘स्वर’ म्हटलं की सा, रे, ग आठवतात, म्हणजे उंची. स्वर चढतो, उतरतो, लागतो, ढळतो. तो लांब-आखूड होतो असं आपण सहसा म्हणत नाही. तिथे आपण मात्रा म्हणतो, लय म्हणतो. आणि ‘नोत इनेगाल’मध्ये उंचीचा काही संबंध नाही. सूर जिथल्या तिथे असतात, फक्त त्यांचा वेळ वेगळा वाटला जातो. त्यामुळे ‘असमान स्वर’ हे शब्दाला शब्द बरोबर आणि अर्थाने चूक, अशा जातीचं भाषांतर आहे.

आधी ती गोष्ट काय आहे ते पाहू, मग शब्द आपोआप सापडेल.

फ्रान्समध्ये साधारण सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अठराव्याच्या अखेरीपर्यंत रचनाकार कागदावर छोटे सूर सारख्या किमतीचे लिहीत, पण वाजवणारा ते जोडीजोडीने वाजवी: पहिला थोडा लांबवून, दुसरा तेवढाच आखडून. जोडीला मिळून लागणारा वेळ तोच, म्हणून लय धावत नाही की रेंगाळत नाही. मिन्युएट हे तीन ठोक्यांचं नृत्य घ्या. त्याच्या एका आवर्तनात असे सहा छोटे सूर बसतात. टेबलावर बोटाने तीन सारखे ठोके देत राहा आणि प्रत्येक ठोक्याला दोन अक्षरं घालत ‘कमलनयन’ म्हणा: कम, लन, यन. सहाही अक्षरं सारखी, हे झालं कागदावर लिहिलेलं. आता ठोके तसेच ठेवून ‘रामकृष्णराम’ म्हणा: राम, कृष्ण, राम. इथेही अक्षरं सहाच, ठोके तीनच, पण ‘रा’वर जीभ थांबते आणि ‘म’ चटकन निघून जातो. हे झालं वाजवलेलं. लिहायचं ‘कमलनयन’ आणि वाजवायचं ‘रामकृष्णराम’, एवढीच ती गोष्ट आहे.

ज्यांनी शाळेत वृत्तं शिकली किंवा गझलेची लगावली घातली, त्यांच्या एव्हाना लक्षात आलं असेल. पहिलं लललललल आहे, दुसरं गालगालगाल. आपल्याकडे यासाठी शब्द तयारच आहेत: लघू आणि गुरू.

मी इतक्या आग्रहाने छंदःशास्त्राकडे का वळतोय, त्याला कारण आहे. फ्रांस्वा कूपराँ हा हार्पसिकॉर्ड या पियानोच्या आधीच्या वाद्याचा मोठा वादक आणि रचनाकार. १७१६ साली त्याने वादनकलेवर एक पुस्तक काढलं. त्यात तो म्हणतो की आमच्या संगीतलेखनात जे दोष आहेत, ते आमच्या भाषालेखनातल्या दोषांसारखेच आहेत. आम्ही लिहितो एक आणि वाजवतो दुसरं. परके लोक आमचं संगीत आम्ही त्यांचं वाजवतो तितकं चांगलं वाजवत नाहीत, ते यामुळेच. इटालियन मात्र मनात असतं त्याच किमतीचे सूर लिहितात. आणि उदाहरण म्हणून तो नेमकी हीच गोष्ट देतो: शेजारच्या शेजारच्या पायऱ्यांनी जाणारे सूर आम्ही लांब-आखूड वाजवतो, लिहितो मात्र सारखे.

हा उतारा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा फार आनंद झाला. तीनशे वर्षांपूर्वीचा एक वादक स्वरलिपीची अडचण सांगताना शुद्धलेखनाचा दाखला देतो, याहून आपल्या विषयाला जवळचं काय असणार! आपलंही तसंच आहे. आपण ‘करतो’ लिहितो आणि ‘कर्तो’ म्हणतो. ‘या जगात नीट जग’ या वाक्यात ‘जग’ दोनदा येतो. अक्षरं तीच, पण पहिला ‘ज’ जीवातला आणि दुसरा ‘ज’ जहाजातला. कागदावर त्याची काही खूण नाही. मराठी घरात वाढलेल्या मुलाला ती लागत नाही. बाहेरून मराठी शिकणारा मात्र इथे हमखास अडतो आणि त्याला प्रत्येक शब्द कानाने शिकावा लागतो. फ्रेंच संगीतापुढे बाकीचा युरोप असाच उभा होता.

आजचा सिम्फनी ऑर्केस्ट्राही असाच उभा असतो, आणि तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत तो शब्द मुद्दाम छापला त्याचं कारण हेच. या वादकांची तालीम एकोणिसाव्या-विसाव्या शतकाच्या संगीतावर झालेली असते. तिथे कागदावर जे आहे ते अगदी तंतोतंत वाजवायचं, आणि साठ-सत्तर जणांनी एकदम वाजवायचं, हा धर्म असतो. त्यांच्यापुढे रामोचा कागद आला की ते ‘कमलनयन’ वाजवतात, आणि त्यांच्या शिस्तीप्रमाणे ते बरोबरच आहे. मग दिग्दर्शक सांगतो, पहिला लांबवा. तरीही दर वेळी जमतं असं नाही. काही जण ते नेमकं गणित करून, पहिल्याला तीन भाग आणि दुसऱ्याला एक भाग देऊन वाजवतात, आणि नाचाऐवजी लष्करी कवायत ऐकू येते. लांबी किती वाढवायची हे प्रसंगावर असतं. कधी ती जेमतेम जाणवते, कधी ठसठशीत असते. आंग्रामेल नावाच्या एका फ्रेंच धर्मगुरूने १७७५ साली आपोआप वाजणाऱ्या यांत्रिक वाद्यांच्या नळकांड्यावर खिळे कसे ठोकावेत यावर पुस्तक लिहिलं. यंत्राला कान नसतो, म्हणून त्याला हा फरक आकड्यांत मांडावा लागला. तो सगळीकडे एकच नाही, हे त्या आकड्यांवरून स्पष्ट दिसतं.

शिवाय सगळेच सूर असे वाजवायचे नसतात. सूर पायरी-पायरीने चालत असतील तरच हे होतं, उड्या मारत असतील तर बहुधा नाही. ‘नोत एगाल’ (सारखे सूर) किंवा ‘मार्के’ (ठसवून) असं लिहिलं असेल, नाहीतर सुरांवर ठिपके असतील, तर ते सारखेच वाजवायचे. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट ही वाटते: जी गोष्ट नेहमीची, ती लिहायची गरजच नव्हती. खूण करावी लागे ती सारखेपणाची.

बर्लिन फिलहार्मोनिकसारख्या वाद्यवृंदाने सायमन रॅटल आणि एमान्युएल आइम या दिग्दर्शकांच्या हाताखाली रामो वाजवलेला आहे, तेव्हा आजच्या वाद्यांवर हे जमतच नाही असं नाही. पण अडचणी एवढ्यावर संपत नाहीत. चौदाव्या लुईचा संगीतकार ल्युली याच्या काळच्या राजदरबारी वाद्यवृंदात तंतुवाद्यांच्या पाच ओळी असत, त्यातल्या मधल्या तीन व्हायोलाच्या, म्हणजे व्हायोलिनच्या थोड्या मोठ्या भावंडाच्या, घरातल्या. आजच्या वाद्यवृंदात व्हायोलाची ओळ एकच असते, मग त्या तीन ओळी कुणी वाजवायच्या? पट्टीही वेगळी. आजचा वाद्यवृंद पेटीवरची पांढरी सहा सेकंदाला साधारण ४४० कंपनांना धरतो. फ्रेंच बरोक, म्हणजे त्या काळचं संगीत, जुन्या वाद्यांवर वाजवणारे आज तोच सूर साधारण ३९२ ला लावतात, म्हणजे आपल्या पांढरी पाचवर. अख्खी एक पांढरी खाली. व्हायोलिनच्या गजाचाही नियम होता: आवर्तनाचा पहिला ठोका गज खाली ओढूनच घ्यायचा. गेओर्ग मुफात या रचनाकाराने १६९८ साली ल्युलीच्या लोकांची ही पद्धत परक्यांसाठी लिहून ठेवली. नाचणाऱ्याचं पाऊल जिथे पडतं तिथे गजाचं वजन पडलं पाहिजे, हा त्यातला हिशोब.

आता शब्दाकडे. ‘विषम’ मी घेणार नाही. विषम मात्रा म्हटलं की संगीत जाणणाऱ्याला सात मात्रांचा रूपक आठवेल. ‘आड लय’ ही तर ठरलेली संज्ञा आहे, दोनाच्या जागी तीन. ती इथे आणली तर अर्थच बदलेल. ‘झोल’ हा शब्द मात्र मोह पाडणारा आहे. भजनी ठेक्याला झोल असतो असं तबलजी म्हणतात, तेव्हा त्यांना हीच भावना सांगायची असते: मात्रा मोजून सारख्या, तरी चाल डुलती. ज्याने देवळात भजन ऐकलंय त्याला यापेक्षा जवळचा शब्द मिळणार नाही. पण आजच्या बोलण्यात झोल म्हणजे लबाडी, घोटाळा. तबलजीशी बोलताना वापरा, छापील लेखात तो दगा देईल. जॅझ ऐकणाऱ्या वाचकांसाठी ‘स्विंगसारखं’ असं एकदा सांगायला हरकत नाही. तिथेही सारखं लिहून डुलतं वाजवतात. संज्ञा म्हणून मात्र नको, तो दुसऱ्या काळाचा आणि दुसऱ्या लोकांचा शब्द आहे.

माझं मत ‘गुरु-लघू वादन’ याला आहे. उंचीचा गैरसमज होत नाही. शाळा शिकलेल्या कुठल्याही मराठी माणसाला कळतं. कधीकधी हे फ्रेंच लोक जोडी उलटीही वाजवत, आधी आखूड आणि मग लांब. तिथे ‘लघु-गुरू’ म्हटलं की काम झालं, ‘असमान’मध्ये ही सोय नाही. एक उणीव आहे, ती सांगतो: आपल्या छंदात गुरू म्हणजे लघूच्या बरोबर दुप्पट, आणि इथे तसं बांधलेलं नाही. एवढं एका वाक्यात सांगावं लागेल. पण गाणाराही वृत्तातला गुरू दर वेळी मोजून दुप्पट धरत नाही, तेव्हा वाचकाला ते पटायला जड जाणार नाही.

‘ऑर्केस्ट्रा’बद्दल थोडक्यात. मराठीत नुसतं ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की हिंदी-मराठी चित्रपटगीतांचा रंगमंचावरचा कार्यक्रम डोळ्यांपुढे येतो. म्हणून पहिल्यांदा ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ लिहा आणि पुढे ‘वाद्यवृंद’. तो शब्द आकाशवाणीने रुळवलेला आहे. मात्र रामोच्या काळात फ्रेंच ऑपेरातल्या नुसत्या वाद्यांवरच्या तुकड्यांनाच ‘सिंफोनी’ म्हणत, हे ध्यानात असू द्या. जुना उतारा भाषांतरित करताना तिथे आजची सिम्फनी डोकावू नये.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. मसुद्यात ‘बारोक’ आणि ‘बरोक’ दोन्ही आहेत. एकच ठेवा, मी ‘बरोक’ लिहितो. शब्द मूळचा पोर्तुगीज वळणाचा, ओबडधोबड मोत्यासाठीचा. पगार, चावी, बटाटा पोर्तुगीजांकडून थेट आपल्याकडे आले, हा मात्र इंग्रजीतून फिरून आला. संगीताला तो पहिल्यांदा लावला गेला तोही शिवीसारखा, १७३४ साली पॅरिसच्या एका नियतकालिकातल्या निनावी पत्रात, आणि रामोच्याच ऑपेराबद्दल. तुमच्या लेखात ही ओळ शोभेल.

आणि वादग्रस्त वाक्य असं करून पाहा: ‘पायरी-पायरीने चालणारे छोटे सूर कागदावर सारखे लिहिलेले असतात, पण फ्रेंच वादक ते जोडीजोडीने गुरु-लघू वाजवत, पहिला जरा लांबवून आणि दुसरा तेवढाच आखडून. याला ते नोत इनेगाल म्हणत.’ मग यजमानांना परत वाचायला द्या.